सर्जेरावचा डबा

“माझा डबा आहे का अजून, गुरुजी?”

उतेकर गुरुजींनी मान वर केली नाही. ओसरीच्या पायरीवर बसून ते वालाच्या शेंगा सोलत होते.

“कुठला डबा?”

“तेलाचा. पाठीला बांधून तुम्ही मला पोहायला शिकवलंत तो.”

“असेल.”

“मला तो हवाय.”

आता गुरुजींनी मान वर केली. समोरचा माणूस त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत टॅबलेट, आणि चेहऱ्यावर मुलीचं लग्न जमलेल्या बापाचं समाधान.

“दिलेली दक्षिणा परत मागायला आलास होय?”

सर्जेराव मोरे जीभ चावून हसला.

तालुक्यात त्याला मोरे सर म्हणत. कचेरीत गेला तर साहेब लोक खुर्ची पुढे करत. पण या ओसरीवर चढताना चपलांबरोबर तो आपलं बहुवचनही खाली काढून ठेवी, म्हणून आपणही त्याला इथं एकेरीच म्हणू. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. आपल्याला ‘सर्ज्या’ म्हणणारं कुणीतरी अजून शिल्लक आहे, याचं उलट त्याला बरं वाटे.

डब्याची गोष्ट ऐकली नाही असा शिक्षक तालुक्यात शोधून सापडला नसता. सर्जेराव ती प्रत्येक भाषणात सांगे.

खडकवणे हे गाव धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. चौथीपर्यंतची शाळा अलीकडच्या तीरावर, पाचवीची पलीकडच्या. मधे पाणीच पाणी. आता पूल झालाय, पण तेव्हा एक होडी होती, आणि ती होडीवाल्याच्या लहरीवर चाले. वारा सुटला की कलंडायची भीती वेगळीच. म्हणून उतेकर गुरुजींनी आपला स्वतःचा एक कायदा केला होता. पोहता आल्याशिवाय चौथीतून पाचवीत सोडायचं नाही. मुलगा असो, मुलगी असो, गणितात पस्तीस मिळोत की पंचाण्णव, आधी पाणी पार करायचं. आया रडल्या, बापांनी वरपर्यंत तक्रारी नेल्या. गुरुजी ढिम्म.

प्रत्येक पोरानं घरून तेलाचा एक रिकामा डबा आणायचा. गुरुजी त्याचं तोंड झाळून पक्कं बंद करून घेत आणि वर रंगानं पोराचं नाव घालत. डबा पाठीला बांधायचा आणि पाण्यात उतरायचं. एक नियम मात्र कडक होता. डबा गुरुजीच बांधणार, गुरुजीच सोडणार, आढ्याला टांगणार तेही गुरुजीच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पोरं म्हणत, गुरुजींनी डब्यावर काहीतरी मंत्र घातलाय, हात लावला तर उतरेल. आणि ज्या दिवशी पोर पलीकडे पोचेल, त्या दिवशी डबा गुरुजींकडे ठेवून जायचं. तीच गुरुदक्षिणा.

“तो डबा नसता,” सर्जेराव भाषणात म्हणे, “तर आज हा मोरे तुमच्यापुढे उभा नसता. त्या डब्यानं मला तारलं. पाण्यातून वर आलो आणि पहिला नमस्कार मी त्या डब्याला केला.” इथं तो जरा थांबे. टाळ्या पडत.

पुढे तो पलीकडच्याच शाळेत शिक्षक झाला. तिथल्या पोरांसाठी त्यानं एक ॲप तयार केलं. प्रत्येक धडा, प्रत्येक गणित त्यानं स्वतःच्या आवाजात भरलं, त्यात चार वर्षांच्या सुट्ट्या गेल्या. त्याचीच एक जुनी विद्यार्थिनी, शाहीन मुलाणी, पुण्याला इंजिनियर झालेली. यंत्राची बाजू तिनं सांभाळली. ॲपचं नाव काय ठेवायचं, हा प्रश्नच नव्हता.

त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘डबा’.

“परवा उद्घाटन आहे, गुरुजी,” सर्जेराव म्हणाला. “तालुक्याच्या गावी, मोठ्या सभागृहात. त्या दिवसापासून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत माझा डबा जाणार. सगळ्या!”

“बरं.”

“व्यासपीठावर काचेच्या पेटीत तुमचा डबा ठेवायचा. खाली मखमल. आणि बाजूला तुम्ही.”

“मी पण पेटीत?”

आतून हसू ऐकू आलं. गुरुजींच्या बायकोचं. सगळं गाव त्यांना काकू म्हणे.

“चेष्टा नको, गुरुजी. तुम्ही फक्त दोन शब्द बोलायचे.”

“कुठले?”

सर्जेरावनं टॅबलेट या काखेतून त्या काखेत घेतला.

कुठले ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं तर ते दोन नव्हते, एकच होता.

चौथीच्या पोरांत सगळ्यात आधी पाणी पार केलं ते त्यानं. नाकातोंडात पाणी गेलेलं, हातांचे तुकडे पडायचे बाकी, पण पलीकडचा खडक हाताला लागला होता. गुरुजी होडीतून सोबत आले होते. ते काठावर उतरले. आता पाठीवर थाप पडणार म्हणून सर्जेराव छातीभर पाण्यातच वाट बघत उभा राहिला. गुरुजींनी दोरी सोडली आणि म्हणाले, “डबा दे इकडं.”

बस. एवढंच.

आणि त्याच्यामागून धापा टाकत आलेल्या सुताराच्या इंदूला मात्र ते मोठ्यानं म्हणाले, “शाब्बास!”

तेव्हापासून सर्जेरावला किती हार पडले, किती शाली मिळाल्या. जिल्ह्याचा आदर्श शिक्षक झाला. त्याची बायको म्हणे, “आता आणखी काय हवंय तुम्हाला?” असल्या गोष्टी बायकोला सांगायच्या नसतात, ती हसते.

“आधी दाखव तरी काय केलंयस,” गुरुजी म्हणाले.

सर्जेराव पायरीवर टेकला. टॅबलेट पुसला, उघडला, आणि सांगू लागला. सांगताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं, आणि ते फुकटचं नव्हतं. गावात रेंज नाही तिथंही डबा चालतो. पोराला घरची बोली कळते ना, मग गणितही घरच्या बोलीत. फळ्यावरचं मागच्या बाकावर दिसत नाही, हे रडगाणं संपलं. ज्याला मागं राहावं लागतं त्याला परत परत ऐकता येतं, आणि दहाव्यांदा विचारलं तरी सर चिडत नाहीत.

“वरच्या धनगरवाड्यातली ढेब्यांची मंगल,” तो म्हणाला. “पावसाळ्यात ओढा फुगला की ती अडकायची. दरवर्षी. ओढा उतरेपर्यंत सगळे पुढं गेलेले असायचे आणि ही आपली कोपऱ्यात बसून राहायची. यंदा तिला टॅबलेट दिला घरी. बकऱ्यांच्या गोठ्यात बसून शिकली पोरगी. पाऊस उघडल्यावर वर्गात आली, ती सरळ पुढच्या बाकावर येऊन बसली. सर, म्हणाली, अपूर्णांक झाले माझे.”

गुरुजींनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

“परत सांग.”

सर्जेरावनं परत सांगितलं. गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. काकू दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनीही पदर तोंडाला लावला.

“चांगलं केलंस,” गुरुजी म्हणाले. “फार चांगलं केलंस.”

सर्जेराव वाट बघत राहिला. पण पुढचा शब्द आला नाही. चांगलं केलंस म्हणजे काही शाब्बास नव्हे. मग त्यानं आपला हुकमाचा पत्ता टाकला.

“गुरुजी, खरं सांगू? माझ्या वर्गात आता एकही मूल अडत नाही.”

“एकही?”

“एकही नाही.”

गुरुजींनी हात धोतराला पुसले.

“बघू,” म्हणून त्यांनी हात पुढे केला.

सर्जेरावनं मोठ्या हौसेनं चौथीचं गणित लावून टॅबलेट त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी चष्मा सारखा केला. पाटीवर, म्हणजे त्या काचेवर, लिहिलं होतं: एका पिंपात चाळीस घागरी पाणी मावतं. पाव पिंप रिकामं झालं. किती घागरी उरल्या?

असली गणितं घालण्यात आणि सोडवून घेण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, तो ते वाचून नुसता बसून राहिला.

टॅबलेटमधून सर्जेरावचा आवाज आला. गोड, समजावणीचा.

“अडलास का रे बाळा? थांब, मी सांगतो. चाळीसचे चार सारखे भाग कर बरं.”

गुरुजींनी घराच्या कडेनं दिसणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

“अडलास का? थांब, मी सांगतो. चाळीस भागिले चार, दहा. आता चाळीसातून दहा काढले की?”

गुरुजींनी टॅबलेट पायरीवर ठेवला आणि पाटीतली एक शेंग उचलली.

“तीस! तीस घागरी! शाब्बास! शाब्बास रे माझ्या वाघा!”

आणि ढोल वाजला, टाळ्या वाजल्या, काचेवर रंगीबेरंगी फुगे उडाले.

काकू पुढे आल्या. “अगं बाई! तुम्हाला म्हणाला का तो?”

“मलाच.”

“काय केलंत एवढं?”

“शेंग सोलली.”

काकूंना हसू आवरेना. सर्जेरावचे कान तांबडे झाले. इतक्या ठिकाणी त्यानं हे दाखवलं होतं, पण असा परीक्षार्थी त्याला कुठं भेटला नव्हता.

“मुद्दामच ठेवलंय ते तसं,” तो जरा घुश्शातच म्हणाला. “पोर अडलं की त्याचा धीर सुटतो. धीर सुटला की शाळा सुटते. मी सुटू देत नाही. श्वास घ्यायच्या आत मी त्याच्या मदतीला हजर. आणि शाब्बास म्हणाल, तर ती माझ्याकडे प्रत्येकाला मिळते. पहिला असो, शेवटचा असो. ज्याला मिळाली नाही ना, गुरुजी, त्यालाच तिची किंमत कळते.”

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो.

काकू मुकाट्यानं आत गेल्या.

…

गुरुजी उठले. कोपऱ्यातली आकडी घेतली आणि आढ्याकडे पाहिलं. आढ्याला ओळीनं डबे टांगलेले होते. काही चौकोनी, काही गोल, सगळ्यांवर कोळिष्टकं, सगळ्यांवर नावं. गुरुजींनी शोधाशोध केली नाही. आकडी सरळ एका डब्याच्या कडीत घातली आणि डबा खाली उतरवून सर्जेरावच्या हातात दिला.

रंग उडाला होता, तरी अक्षरं लागत होती. सर्जेराव मोरे, इयत्ता चौथी.

सर्जेरावनं डबा छातीशी धरला. पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस डाग उमटला, त्याचं त्याला काही नव्हतं. वर नाव पडल्यापासून आज पहिल्यांदाच तो आपल्या डब्याला हात लावत होता. लहानपणी नुसता पाठीवर असायचा तो. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला, पदरचं पोर न्याहाळावं तसा.

“गंजलाय, गुरुजी. दोन भोकं पडलीयेत. एक बुडाशी, एक इथं वरच्या कोपऱ्यात. हरकत नाही. उद्याच्या उद्या झाळून घेतो, वर चांदीसारखा रंग मारतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“चल,” गुरुजी म्हणाले.

“कुठं?”

गुरुजी परसदारानं खाली निघाले होते. घराच्या मागं दहा पावलांवर पाणी. सर्जेराव डबा घेऊन मागोमाग गेला, टॅबलेट तसाच ओसरीच्या पायरीवर राहिला. गुरुजी दगडी पायऱ्या एकेक करून उतरले. शेवटच्या पायरीला पाणी लागत होतं. थंडीच्या दिवसांतलं दुपारचं पाणी, हिरवंगार आणि स्वस्थ. पलीकडे, लांब, सर्जेरावच्या शाळेची कौलं दिसत होती.

“सोड पाण्यात,” गुरुजी म्हणाले.

“काय?”

“डबा.”

“अहो, भोकं आहेत त्याला…”

“सोड.”

गुरुजींनी सांगितलं की करायचं, ही सवय पन्नाशी जवळ आली तरी गेलेली नव्हती. सर्जेरावनं वाकून डबा पाण्यावर ठेवला.

डबा तरंगला. मग बुडबुड आवाज सुरू झाला. बुडाशी पाणी शिरत होतं, वरच्या भोकातून हवा फुसफुसत बाहेर पडत होती. डबा एका बाजूला कलला. ‘सर्जेराव’ पाण्याखाली गेलं. मग ‘मोरे’ गेलं…

“गुरुजी!”

इस्त्रीच्या विजारीसकट तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि बुडता डबा त्यानं दोन्ही हातांनी वर खेचला. डबा जड झाला होता.

“गंज फारच चढलाय,” धापा टाकत तो म्हणाला.

“गंजाचं भोक असं गोल पडतं?”

सर्जेरावनं डबा डोळ्यांजवळ नेला. भोकाच्या कडा आत वळलेल्या होत्या. दुसऱ्या भोकाच्याही. कुणीतरी बाहेरून खिळा ठेवून, वर दगड घालून, नीट जागा बघून ती पाडली होती.

वरून, परसदारातून, काकूंचा आवाज आला. “माझ्या खुंटीचा खिळा नेला होता त्यांनी उपसून. अजून परत आणताहेत!”

सर्जेरावनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“तुम्ही पाडलंत?”

गुरुजींनी मान हलवली.

“सगळ्यांच्याच डब्यांना?”

“सगळ्यांच्याच.”

“कधी?”

“ज्याच्या पायांना पाणी कळलं त्याच्या डब्याला खिळा. कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा.”

“म्हणून तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता डब्याला.”

“पोरं डबा सोडवायला लागली असती तर आतलं पाणी वाजलं असतं. तुमच्या पाठीमागं मी ओतून टाकायचो.”

सर्जेरावचा आवाज लहान मुलासारखा झाला.

“मी पलीकडं गेलो, त्या दिवशी… त्या दिवशी डबा…”

“भरलेला होता. काठोकाठ.”

“मग मला तारलं कुणी?”

गुरुजी पाण्यात बघत होते. सर्जेरावनंही खाली बघितलं. हिरव्या पाण्यातून त्याचे स्वतःचे दोन पाय दिसत होते.

पहिल्यांदा त्याला राग आला. फसवलं म्हणून. इतकी वर्षं, इतक्या सभांतून आपण एका फुटक्या डब्याचे पोवाडे गात हिंडलो म्हणून. मग त्याची नजर पाण्यावरून पलीकडे गेली. केवढं अंतर ते! आजही पुलावरून मोटारसायकलनं जाताना जरा वेळच लागतो. आणि ते त्यानं, चौथीतल्या हडकुळ्या पोरानं, पाठीवर पाण्यानं भरलेला डबा ओढत कापलं होतं. तो डब्यानं तरला नव्हता, डब्याला घेऊन तरला होता. त्याची छाती भरून आली. आदर्श शिक्षकाचं पदक लावलं तेव्हासुद्धा ती अशी भरली नव्हती, कारण तेव्हा मनात कुठंतरी वाटायचं, यात आपलं काय आहे, सगळं त्या डब्याचं.

“आधी का नाही सांगितलंत?” तो म्हणाला.

“डब्याशिवाय उतरला असतास पाण्यात?”

त्यानं जरा विचार केला. “नाही.”

“आणि पहिल्याच दिवशी भोकं पाडली असती तर?”

“बुडालो असतो.”

“मग?”

पण सर्जेरावच्या मनात एक काटा अजून रुतलेलाच होता, आणि आज तो काढला नसता तर पुन्हा कधीच निघाला नसता.

“इंदूला तुम्ही शाब्बास म्हणालात,” तो म्हणाला. “मी तिच्या आधी पोचलो होतो.”

पन्नाशीला आलेला माणूस, विजार भिजलेली, हातात गळका डबा, आणि प्रश्न हा. गुरुजी हसले नाहीत.

“इंदू वर आली आणि मागं वळून पाण्याकडं बघून हसली. तू वर आलास आणि डब्याला हात जोडलेस.”

“पण…”

“शाब्बास तोंडापर्यंत आली होती माझ्या. पण म्हणालो असतो तर ती डब्याला मिळाली असती.”

…

सर्जेरावनं डबा तिरका केला. दोन्ही भोकांतून पाण्याच्या दोन बारीक धारा लागल्या.

तेवढ्यात वरून, ओसरीच्या पायरीवरून, एक आवाज आला. गोड, समजावणीचा.

“अडलास का रे बाळा? थांब, मी सांगतो.”

टॅबलेट उघडाच राहिला होता. पुढचं गणित लागलं असणार. समोर कुणी नव्हतं, तरी आवाज आपला सांगत सुटला होता. पहिली पायरी सांगितली, दुसरी सांगितली, उत्तर सांगितलं, आणि रिकाम्या ओसरीला शाब्बास म्हणून ढोल वाजवला.

सर्जेराव ऐकत होता. इतका मायेचा आवाज, आणि तो ऐकताना त्याला मंगल ढेबे आठवली. गोठ्यात एकटी बसून तिनं अपूर्णांक केले, असं त्यानं सगळीकडे छाती ठोकून सांगितलं होतं. केले की त्यानं करून दिले? ती अडली तेव्हा हा आवाज तिला अडू देत होता का? पोरीच्या पायांना पाणी कळलं होतं की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आणि परवापासून हाच डबा, बुडाला एकही भोक नसलेला, जिल्ह्यातल्या पोरापोरांच्या पाठीला बांधला जाणार होता.

तो पाण्यातून बाहेर आला. ओले हात सदऱ्याला पुसले आणि खिशातून मोबाइल काढला.

“शाहीन, परवाच्या आधी एक बदल करायचाय.”

“सर, आता?” पलीकडून शाहीन जवळजवळ ओरडलीच. “सगळं पक्कं झालंय. काय बिघडलं?”

“काही बिघडलं नाही, तेच बिघडलंय. ऐक. तो माझा आवाज येतो ना, अडलास का म्हणून? तो लगेच येऊ द्यायचा नाही. सुरुवातीला येऊ दे, पोर नवं आहे तोवर. मग कमी कमी करत न्यायचा.”

“पण सर, मग मुलं अडतील.”

“अडू दे.”

‘एकही मूल अडत नाही’ हे ब्रीदवाक्य माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापायला तिला सरांनीच सांगितलं होतं.

“आणि ती शाब्बास,” सर्जेराव म्हणाला. “ती कुणी काही केलं तरच म्हणू दे.”

“सर, तुम्ही ठीक आहात ना?”

“इतका ठीक मी कधीच नव्हतो. होईल ना परवापर्यंत?”

शाहीन हाडाची त्याची विद्यार्थिनी. ती म्हणाली, “होईल. रात्र जागून करते. पण मला नीट सांगा, सर. मूल अडल्यावर किती थांबायचं? अर्धं मिनिट? एक मिनिट? यंत्राला आकडा लागतो.”

एवढी पदकं मिळवलेल्या सर्जेरावला एक आकडा सांगता येईना. त्यानं मोबाइल छातीशी धरला आणि मागे वळून पाहिलं.

गुरुजी शेवटच्या पायरीवर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओढून त्यांनी पाय पाण्यात सोडले होते.

“गुरुजी, ही विचारतेय… पोर अडलं की किती वेळ थांबायचं?”

गुरुजींनी पलीकडच्या शाळेच्या कौलांकडे पाहिलं.

“तिला म्हण, पोरांचे पाय बघून कळवतो.”